दोन पार्टिशनची हद्द
ट्रेमध्ये वाळत घातलेल्या मातीचा वास आला, की मला नगरची ती माती परीक्षण प्रयोगशाळा आठवते. तिथल्या युनिक्स प्रणालीच्या संगणकावर शेतकऱ्यांचे कित्येक वर्षांचे अहवाल होते. डिस्कवर नवं पार्टिशन, म्हणजे माहिती ठेवायचा वेगळा कप्पा, करताना मी त्याची सुरुवात चुकून जुन्या पार्टिशनच्या आतच धरली, आणि जुने अहवाल उघडेनात. भिंगारहून येणाऱ्या आमच्या वरिष्ठ मॅडमना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "आता त्यावर काही लिहू नका." आधी त्यांनी सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. त्यात दुपार गेली. तोवर त्या कागदावर दोन्ही पार्टिशनच्या सुरुवातीचे नि शेवटचे आकडे मांडत बसल्या. मग नव्याची सुरुवात त्यांनी जुन्याच्या शेवटापुढे नेली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि पहिलाच अहवाल उघडला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं, "कुणाकडून झालं हे?" "आकडा चुकला होता, सर. आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी जेवणाचा डबा उघडला. आज माझ्या हाताखाली चौघं काम करतात. त्यांच्यातल्या कुणाचं चुकलं, की मॅडमसारखं शांतपणे बोलायला मला अजूनही बरंच बळ लागतं.