गठ्ठ्यांच्या खोलीतलं गाणं

काम काय आहे हे ऐकून घ्यायच्या आधीच ती "जमेल" म्हणायची. समोरचा अजून "टीचर, जरा एक..." एवढंच बोललेला असायचा, तोवर हिची मान हललेली. मी एकदा विचारलं, "अगं, त्याने किडनी मागितली असती तर?"

"मावशी, तुम्ही पण ना!" म्हणून हसली. पण नाही म्हणाली असती असं काही बोलली नाही.

अंबरनाथला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. शाळेत संगीत शिकवायची. अर्धवेळ. हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणा. सकाळी उल्हासनगरची शाळा, दुपारी अंबरनाथची, संध्याकाळी बदलापूरला घरोघरी शिकवण्या. त्यात सासूचा चहा, मुलाचा अभ्यास आणि रात्रीचा कुकर. यातला अर्धा कुठला आणि उरलेला अर्धा कुठे गेला, तुम्हाला दिसला तर मला सांगा.

शाळेत गणिताचे सर आले नाहीत, पाठवा म्युझिकला. भूगोलाच्या बाईंचं पोट दुखतंय, पाठवा म्युझिकला. संगीताला पोर्शन नसतो ना! साठ-सत्तर पोरांना गप्प करता करता हिचा घसा बसायचा. सरांचा खडू संपला तर शाळा दुसरा देते. हिचा गळा संपला तर कोण देणार होतं?

माझी नात त्याच उल्हासनगरच्या शाळेत. म्हणून गॅदरिंगला गेले. पोरांचं गाणं हिने दिवाळीपासून बसवलं होतं, सुट्टीत बोलावून. आयत्या वेळी संस्थेच्या कोणी मॅडम म्हणाल्या, पोरं कच्ची वाटतात, पेन ड्राइव्हवरचं गाणं लावा, पोरं नुसते ओठ हलवतील. झालं. स्टेजवर पोरं माशासारखी तोंडं उघडत-मिटत उभी, आणि ही पडद्यामागे साउंडवाल्याला गाणं कधी सुरू करायचं ते सांगतेय. मी उठले आणि मोठ्या बाईंना गाठलं.

"आजी, त्याने साउंड क्लिअर येतो," त्या म्हणाल्या.

"मग पोरंही भाड्याने आणायची. तीही क्लिअर मिळाली असती."

परतताना रिक्षात हीच मला समजावते, "मावशी, असं बोलू नका हो. त्यांना वाईट वाटतं."

तिला स्वतःला गायचं होतं. एवढीच तिची हौस. लग्नाआधी गुरूंसमोर बसून शिकलेली बाई. रोज तासभर रियाज केला नाही तर गळा गंजतो म्हणायची. पण घरी बसली की सासऱ्यांचं बीपी वाढायचं. शेजारून निरोप यायचा, आमच्या मुलाची दहावी आहे. त्याची दहावी संपली की दुसऱ्याची बारावी. आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीला डीजे लागतो तेव्हा कोणाची दहावी नसते.

मी उल्हासनगरलाच, कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कातरायचे. मशीनं चालू झाली की शेजारणीशी खुणांनी बोलावं लागतं. मागे कापडाचे गठ्ठे ठेवायची खोली आहे. हिच्या दोन शाळांच्या मध्ये तासभर मोकळा असायचा, तो ही शाळेच्या जिन्यात बसून काढायची. मी तिला हाताला धरून कारखान्यात आणलं, गठ्ठ्यावर बसवलं आणि म्हटलं, "इथे हवी तेवढी बोंबल. कोणाच्या बापाला ऐकू जाणार नाही."

शेठ सिंधी माणूस. डोकावून म्हणाला, "मौसी, ये कौन सा नया माल लाई?"

"गाणारी आहे. तुमचं कापड खाणार नाही."

"गाने दे, गाने दे. अपना क्या जाता है!"

तेव्हापासून रोज यायची. मोबाइलवर तंबोरा लावून तो एका कानाला धरायची आणि डोळे मिटायची. मी दार ओढून घ्यायचे. शाळेतून आलेली बाई पाठीत वाकलेली असायची. तासाने बाहेर पडायची ती ताठ, साडीला मागून गठ्ठ्यांचा निळा रंग लागलेला. मी झटकायला गेले तर म्हणायची, "राहू द्या मावशी, आज छान लागला."

काय लागला ते मला कसं कळणार? दाराला कान लावला तरी मशीनंच ऐकू यायची. फार तर मध्येच एखादा लांब सूर, तोही ओव्हरलॉकचं मशीन जरा थांबलं तर. वर्षभर तिथे गायली, पण तिचं एक गाणं धड ऐकलं असं आमच्यात कोणी नाही.

मग बदलापूर गावात, देवळाच्या सभामंडपात, तिला गायला बोलावलं. तिथले एक म्हातारे गृहस्थ रविवारी बैठक भरवतात. हिला सांगितलं, एक पूर्ण तास तुमचा.

"माझ्या एकटीचा, मावशी! मागे पोरं नाहीत, पाहुणे नाहीत!" त्या दिवसांत ती रिक्षातसुद्धा बोटांवर ताल मोजत बसायची.

दोन दिवस आधी उल्हासनगरच्या शाळेतून निरोप आला. रविवारी मोठे पाहुणे येणार, स्वागतगीत हवं. हिने काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलंच.

मी तिला जिन्यातच धरलं. "अगं, रविवारी तुझं गाणं!"

"ते सकाळीच येणार आहेत, मावशी. पाच मिनिटांचं काम. तिथून सरळ बदलापूर."

रविवारी मी इस्त्रीची साडी नेसले, बदलापूरला गेले आणि सतरंजीवर अगदी पुढे बसले. दाराबाहेर बसून जे ऐकू आलं नव्हतं ते ऐकायचं होतं मला. तबलजीने तबला लावला. परत लावला. हिचा फोन बंद. म्हाताऱ्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी दुसऱ्याच कोणाला गायला बसवलं. सतरंज्या गुंडाळत होते तेव्हा ही धापा टाकत आली. केसांत गुलाबाच्या पाकळ्या. पाहुणे वाटेत कुठेतरी फीत कापायला थांबले होते म्हणे, दुपारी उगवले. तोवर पोरं उन्हात आणि ही पेटीपाशी.

म्हणाली, "स्वागतगीत बरं झालं पण."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायल्यावर विचारलं, "त्या पाहुण्याला तुझं नाव तरी ठाऊक आहे?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

पुढचं ऐका. शिक्षक दिनाला शाळेने तिचा सत्कार केला. मोठ्या बाई माइकवर म्हणाल्या, "स्वतःचा गाण्याचा कार्यक्रम सोडून आपल्या टीचर शाळेसाठी आल्या. याला म्हणतात निष्ठा." अहो, सोडायला लावला कोणी? ज्यांनी तिचा तास खाल्ला त्यांनीच तिला शाल घातली, आणि हिने ती वाकून घेतली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. नातही वाजवत होती. मी नाही वाजवल्या.

संध्याकाळी माझ्या दाराशी आली. हातात सत्काराचा नारळ.

"मावशी, तुम्ही टाळ्या नाही वाजवल्यात."

"नाही."

"रागावलात?"

"तुझ्या गाण्याला वाजवल्या असत्या. गाणं न गाण्याला कसल्या टाळ्या?"

तिने नारळ माझ्या ओट्यावर ठेवला, "चटणी करा," म्हणाली आणि वर गेली. मी चटणी केली नाही. फोडून शेजारच्या पोरांना वाटून टाकला.

शालीबरोबर आणखी एक बक्षीस होतं. संस्थेची नवी शाखा निघाली, तिथले दुपारचे तास हिला. त्यातच तो दोन शाळांमधला मोकळा तास गेला. तिने घेतले. कारखान्यात यायची बंद झाली. आता जिन्यात दिसते, पिशव्या सावरत, घाईत. "मावशी, बऱ्या आहात ना?" म्हणते आणि उत्तराआधी खाली पोचलेली असते.

खोलीत शेठने छतापर्यंत गठ्ठे लावले.

गेल्या आठवड्यात भर दुपारी लाइट गेली. ती यायची तेव्हा त्या वेळेला एकदाही गेली नव्हती. सगळी मशीनं एकदम थांबली. पंखा घरघरत थांबला. बाहेरचा रिक्षावाला "स्टेशन, स्टेशन" ओरडत होता, ते शब्द न् शब्द आत आले. कारागीर हात मांडीवर ठेवून बसले होते.

शेठ म्हणाला, "मौसी, आज मैडम होती तो सुन लेते."

मी म्हटलं, "आज मॅडम शाळेत आहे," आणि पँटींचा ढीग ओढत दाराच्या उजेडात जाऊन बसले.