पाटकऱ्याची चाळीस मिनिटं

आमच्या मिंटन गावात 'मला माहीत आहे' हे तीन शब्द पाण्यापेक्षा स्वस्त होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मंडळी दोन जेवणं सोडून चर्चमध्ये जमतो, आणि ज्याच्या मनात येईल तो उठून साक्ष देतो, की आपला धर्मग्रंथ खरा आहे हे मला माहीत आहे. तीन वर्षांची पोरंसुद्धा देतात. आई कानात कुजबुजते आणि पोर तेच माईकमध्ये ओरडतं. मोठी माणसं रडत रडत देतात, आणि रडता रडता घरी ओव्हनमध्ये ठेवलेल्या मांसाचीही काळजी करतात. यात ढोंग अजिबात नाही. भूक आणि भक्ती आमच्याकडे एकाच बाकावर बसतात, इतकंच.

ग्रंथाचं म्हणाल, तर घरोघरच्या प्रतींची पहिली तीस पानं हात लागून लागून काळी पडलेली आणि पुढची दुकानातून आणली तशी कोरी. दर नव्या वर्षी आम्ही पहिल्या पानापासून मोठ्या जोमाने सुरुवात करतो. माझी प्रत तर एकोणिसाव्या पानावरच गोरी होते.

साक्षीला कधीच न उठलेला गावात एकच माणूस होता, रूलन टोलमन. तो आमचा पाटकरी. आयडाहोतलं आमचं खोरं असं कोरडं, की पाट नसता तर तिथे बटाटाच काय, भांडणसुद्धा उगवलं नसतं. प्रत्येकाच्या पाण्याची पाळी मिनिटांवर ठरलेली. दोन शेतकरी फावडी घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले, की रूलन आपल्या जुन्या ट्रकमधून उतरायचा, पाटात मोजपट्टी घालायचा आणि म्हणायचा, "पाणी कुणाचं आहे, मला माहीत आहे." मग दोघंही मुकाट्याने घरी जायचे. एकोणीस वर्षं त्याने हे शब्द कधी मोजल्याशिवाय उच्चारले नाहीत. त्याची बायको नेड्रा दर महिन्याला चर्चमध्ये त्याला कोपर मारायची. तो म्हणायचा, "मी अजून मोजलेलं नाही." तिचं कोपर दुखायला लागलं, पण हा काही उठला नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या मुलीला, शॉनाला, चर्चचं बोलावणं आलं. दीड वर्ष पेरू देशात जाऊन धर्म सांगायचा. गावाने आनंदाच्या भरात टोलमनांकडे हिरव्या जेलीचे अकरा वाडगे पाठवले. शॉनाने मात्र त्यातला एकही चाखला नाही. एका सकाळी ती बापाच्या ट्रकमध्ये शेजारी येऊन बसली.

"बाबा, सगळ्यांनी मला सांगितलं, त्यांना माहीत आहे. बिशपनी सांगितलं, आईने तर रोज सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत."

"हं."

"मला स्वतःला ठाऊक नाही. आणि जे मला ठाऊक नाही ते मी पेरूतल्या माणसाला कसं सांगू? तुम्ही म्हणालात की खरं आहे, तर जाईन. नाहीतर बिशपना नाही म्हणून कळवते."

शॉनाची बस पोकाटेलोहून सुटायला तीन आठवडे होते. रूलनला 'खरं आहे' म्हणून मोकळं होता आलं असतं. पोरगी गेली असती, नेड्रा सुखावली असती. त्याने फक्त एवढंच विचारलं, की उत्तर कधीपर्यंत हवं. ती म्हणाली, उपासाच्या रविवारपर्यंत.

त्या दिवसापासून तो पाटाचं पाणी शेतात सोडायच्या दारापाशी ट्रक लावून ग्रंथ वाचू लागला. तिसावं पान ओलांडलं, भविष्यवाण्यांची न संपणारी प्रकरणं ओलांडली. दर सकाळी वाचून झालं की टोपी काढून प्रार्थना करायचा. त्याची प्रार्थना म्हणजे चौकशीच असायची. पाणीचोराला विचारावं तसा तो देवाला विचारी, हे पुस्तक खरं की खोटं, हो किंवा नाही, एका शब्दात सांग. मग थांबायचा. देव काही बोलायचा नाही. तो टोपी घालून पुढच्या दाराकडे निघायचा. नेड्राने विचारलं तर खरं तेच सांगायचा, की आजही काही नाही. नेड्राला वाटे, निदान बायकोशी तरी माणसाने थोडं खोटं बोलावं.

रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी तो एका बापाने वाट चुकलेल्या मुलाला केलेल्या उपदेशापाशी आला. बाप रागावलेला होता, तरी पोराला सोडायला तयार नव्हता. रूलनने ती पानं दोनदा वाचली, टोपी काढली, डोळे मिटले. आणि त्या दिवशी त्याचं विचारायचंच राहून गेलं. तो शॉनाबद्दल बोलत सुटला. ती लहानपणी फार थोडं बोले, तिला खोटं बोलता येत नाही, ती नसेल तर घर कसं वाटेल. बोलता बोलता मध्येच त्याच्या ध्यानात आलं, की आपण कुणाशी तरी बोलतोय आणि तो ऐकतोय, आणि याबद्दल आपल्या मनात तिळभरही शंका उरलेली नाही. तो तसाच बसून राहिला.

इकडे व्हर्ल हॅचच्या बीटच्या शेताचं दार उघडं ते उघडंच. पुढची पाळी डीव्हॉन निल्सनची. तो फावडं घेऊन तावातावाने आला, तर पाटकरी डोळे पुसत बसलेला. चाळीस मिनिटं पाणी जास्तीचं गेलं होतं. एकोणीस वर्षांत पाच मिनिटंही कधी गेलं नव्हतं. जेवणाच्या वेळेपर्यंत गावभर झालं, की रूलनला झटका आला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो उठला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाण्याची माफी मागणार. ती त्याने मागितलीच. डीव्हॉनला पुढच्या पाळीत चाळीस मिनिटं भरून मिळतील म्हणाला. मग टोपी नसलेल्या हातांचं काय करावं ते न कळून त्याने बाक घट्ट धरला.

"मी वाचलं. विचारलं. पंधरा दिवस काही कळलं नाही. काल कळलं. ग्रंथ खरा आहे, मला माहीत आहे."

आणि खाली बसला. चर्चमध्ये एकही पोर रडलं नाही. माझ्या मागून डीव्हॉन व्हर्लला हळूच म्हणाला, "चाळीस मिनिटं म्हणजे खरंच असणार."

बाहेर ट्रकपाशी शॉनाने बापाला गाठलं. "मग मी तुमच्या शब्दावर जाऊ?"

"माझ्या शब्दावर पोकाटेलोच्या बसथांब्यापर्यंत जाशील," तो म्हणाला. "पुढे डोंगर आहेत, परकी माणसं आहेत. तिथे तो पुरणार नाही. गुरुवारच्या बसला अजून चार सकाळी आहेत. येतेस?"

त्या चार सकाळी ट्रकमध्ये दोघं असायची, मध्ये उघडा ग्रंथ. डीव्हॉन आणि व्हर्ल आपापल्या दारांपाशी स्वतः उभे राहून घड्याळं बघायचे, कारण या बापलेकीवर आता कुणाचाच भरवसा उरला नव्हता. चौथ्या सकाळी, गुरुवारी, शॉना बराच वेळ डोळे मिटून होती. रूलनने टोपी घातली. निघताना तीच म्हणाली, "सगळं नाही कळलं, बाबा. पण मला ऐकणारा कुणीतरी आहे, एवढं कळलं. एवढंच सांगेन तिथे."

"एवढं पुष्कळ आहे," रूलन म्हणाला, आणि मागे तिचं सामान ठेवलेला ट्रक बसथांब्याच्या वाटेला लावला.