शौकतभाई दरडीखाली उभे होते

फोन वेल्ह्याहून आला. पोकलेन चालवणारा दगडू रडत होता. "ताई, दरड आली वो... भाई खाली हायेत." महिना होत आला, पण फोन वाजला की अजून आधी नंबर बघते.

शौकतभाई मूळचे वेल्ह्याशेजारच्या भोरचे. आमच्या कंपनीत करार आणि जोखीम बघायचं काम त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली. रस्ता असो, बोगदा असो, नुकसान झालं तर कुणी सोसायचं हे करारात आधीच ठरतं. आणि सोसायचं नेहमी सगळ्यात खालच्यानं! याची भाईंना भयंकर चीड. म्हणून सही करण्याआधी ते दोन्हीकडच्या लोकांना गाडीत घालून साइटवर नेत, कड्याखाली उभं करत आणि विचारत, "हां, आता बोला, ही जोखीम कुणाची?" साहेबलोक वैतागत. मला मात्र हसू यायचं.

वेल्ह्याच्या घाटात डोंगर कापला, पण वर सुटे दगड अडवणारी जाळी मारायचं काम कंपनीनं पुढं ढकललं. दरडीची जोखीम पोटठेकेदाराच्या गळ्यात घातलेली, मग घाई कशाला? भाई तळमळले, भांडले. "अहो, खाली माणसं काम करतात!" कुणी दाद देईना. शेवटी करारानं दिलेला एकच अधिकार त्यांच्या हातात होता, तो त्यांनी वापरला. काम थांबवलं, माणसं लांब नेली. मोठे साहेब भडकले, "येतो मी, दाखवा कुठाय धोका!" भाई सवयीनं कड्याखाली जाऊन त्यांची वाट बघत उभे राहिले... दरड आली तेव्हा साहेब बाजारात चहाला थांबले होते.

दगडूसकट बाकी सगळे वाचले, भाई तेवढे गेले. जाळी आता लागली आहे. पण एवढा जाणता माणूस, तिथं उभं राहायची काय गरज होती हो? राग येतो मला त्यांचा, खूप राग येतो.

आता अपघाताचा अहवाल चाललाय. कंपनीनं करारातल्या एका कलमावर बोट ठेवलंय: काम थांबवल्यावर बंद जागेत जो जाईल, तो स्वतःच्या जबाबदारीवर, म्हणजे भरपाई नाही. माणसांनी तिकडं फिरकू नये म्हणून ते कलम भाईंनीच घातलं होतं. परवा भाईंच्या पत्नी शमीमभाभी ऑफिसात आल्या. पाणीही घेतलं नाही. "पोरी, एवढंच सांग, ते कामावर होते ना?"

"होते, भाभी," मी म्हणाले. अहवालातही तेच लिहून दिलं. माझं वाक्य गाळून तो काल सहीसाठी परत आला. भाईंच्या टेबलावर त्यांचा चष्मा अजून तसाच आहे, त्याच्याशेजारी तो अहवाल ठेवलाय. मी सही करणार नाही. माझ्या जागी जो कुणी येईल तो करेल, हेही मला ठाऊक आहे.