स्वागताचा फ्लेक्स

कलेला प्रकाशात आणायचं तर कुणालातरी अंधारात उभं राहावं लागतं, असं आमच्या मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक सभेत सांगतात. सांगण्याआधी स्टेजवरचा दिवा आपल्या तोंडावर पडतोय ना, तेवढं बघून घेतात.

कोल्हापुरात सिनेमांची, जाहिरातींची शूटिंगं यावीत आणि इथल्या पोरांना इथंच काम मिळावं, यासाठी हे मंडळ आहे. मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी त्याचा सभासद झालो. निमंत्रणपत्रिकांतल्या वेलांट्या तपासायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात चहापत्तीच्या जाहिरातीचं एक काम आलं. आणलं गडहिंग्लजच्या एका मुलीनं. शूटिंगसाठी जागा, माणसं, गाड्या, जेवण जमवण्याचं काम ती मुंबईत करायची. आता तेच कोल्हापुरात राहून करायचं तिनं ठरवलं होतं. हे पहिलं काम नीट झालं तर पुढची येतील, नाही तर पुन्हा मुंबई. दिग्दर्शकाला जुना बोळ हवा होता, दगडी भिंतीचा, आणि भिंतीवर काही म्हणजे काही नको होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांविना भिंत शोधणं आमच्याकडे सोपं नाही. तिनं ती शोधली, फोटो पाठवले, मुंबईहून होकार आला.

शूटिंगच्या सकाळी आम्ही पोचलो तर भिंत दिसत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत मंडळाचा फ्लेक्स होता. ‘कलानगरीत मान्यवरांचे हार्दिक स्वागत’. खाली सगळे पदाधिकारी, गॉगलसह. शुद्धलेखन निर्दोष होतं. ते माझ्याकडे होतं. तो लागणार कुठं, हे खातं दुसऱ्यांकडे होतं.

“काका, ह्यो काढा आधी,” मुलगी अध्यक्षांना म्हणाली.

“काढा? अगं, पावण्यांच्या स्वागताचा हाय त्यो!”

“पावण्यांनाच नको हाय.”

“कालच लावलाय. आज उतरवला तर गाव काय म्हणंल? अध्यक्षाला उतरवला म्हणंल.”

“मग तुमी ऱ्हावा वर. मी बसते मुंबईच्या गाडीत.”

अध्यक्ष फ्लेक्ससमोरून हलले नाहीत. तिकडे दिग्दर्शक, दुसरं एखादं गाव बघावं का, असं आपल्या माणसाला विचारत होता. त्यात कॅमेरामनची वेगळीच तक्रार. बोळात सावली होती आणि उन्हाचा उजेड आत परतवायचं पांढरं कापड ज्या टेम्पोत होतं, तो वाटेत बंद पडला होता.

मुलीनं हे ऐकलं. मग फ्लेक्सचा एक कोपरा उचलून मागं पाहिलं. मागची बाजू पांढरीशुभ्र होती.

“काका, उतरवायचा न्हाय. सगळ्यांनी हातात धरून बोळाच्या तोंडाशी उन्हात उभं ऱ्हायचं. पाठ कॅमेऱ्याकडं, फोटो गर्दीकडं.”

“म्हंजे आमी गर्दीला दिसणार?”

“शूटिंग संपंस्तोवर.”

“मग आदी सांगायचं की, पोरी!”

फ्लेक्स पालखीसारखा खाली आला. पदाधिकारी आपापल्या फोटोजवळ कडा धरून उभे राहिले. फोटो नसल्यामुळं मला कोपरा मिळाला. आत चहाचा कप घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या नटीच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पडला. तो खरोखर सुंदर होता. मी सहसा असं म्हणत नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “अध्यक्ष, हात हालवू नगा, नाक वाकडं व्हायलंय तुमचं!” अध्यक्षांनी हात ताठ केला.

जाताना दिग्दर्शकानं मुलीला पुढचं काम दिलं, इचलकरंजीत, यंत्रमागाच्या शेडमधलं. तिनं राजारामपुरीत खोली घेतली. गडहिंग्लजहून आई येऊन गॅस जोडून देऊन गेली.

जाहिरात आली तेव्हा मंडळाच्या ऑफिसात सगळ्यांनी ती उभं राहून पाहिली. अध्यक्षांनी टाळ्या सुरू केल्या. मुलीला पेढा भरवला.

जाहिरात गुजरातीत आहे. तिच्या वेलांट्या मला तपासता आल्या नाहीत.