गुलाबाच्या कुंडीतली ढेप

“हे फवारणीचं औषध नाही. एरंडीची ढेप खाल्लीय हिने,” उलटीतला चुरा बघून जनावरांचे डॉक्टर म्हणाले. आमची कुत्री चिमी नेरच्या दवाखान्यात टेबलावर निपचित पडली होती. तिला धरून उभ्या असलेल्या शेवंताबाईंकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

त्या आमच्या शेजारी. सकाळी चिमीला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन ओरडले होते, “भाकरीत औषध घातलं ना तुम्ही?” चिमी त्यांच्या कोंबड्यांमागे धावायची, त्यावरून आमचं जुनं भांडण. पण त्यांचे यजमान कपाशी फवारताना विषबाधा होऊन गेले, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले.

“मालक गेल्यापासून माह्या घरात ते औषध आलं नाई, बाई,” एवढंच त्या म्हणाल्या. मग चिमीला त्यांनीच गोणपाटात गुंडाळून ऑटोत घेतलं.

डॉक्टरांनी समजावलं. एरंडीच्या बियांत रायसिन नावाचं विष असतं. तेल काढल्यावर उरलेल्या ढेपेतही ते राहू शकतं. त्यानं हेमोरेजिक गॅस्ट्रोएन्टेरायटिस होतो, म्हणजे आतडी सुजून रक्त पडतं. “याला उतारा नाही. सलाईन देऊ, वाट बघू.”

ढेप मीच आणली होती, गुलाबांना खत म्हणून. त्या वर्षांत फवारणीच्या औषधानं माणसं दगावत होती, म्हणून गुलाबांना रासायनिक काही घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. दुकानदार म्हणाला होता, “जनावरापासून दूर ठेवा.” आमच्याकडे गाय नाही, बैल नाही; मी ते कानाआड केलं. आदल्या संध्याकाळी कुंडी उकरलेली दिसली, तेव्हा नुसती माती सारखी केली. तेव्हाच तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं.

तीन दिवस सलाईन. चौथ्या दिवशी ती उठून पाणी प्यायली.

घरात कुत्रं-मांजर असेल तर ही ढेप आणू नका. अंगणातली कण्हेर, धोतरा, एरंडी यांच्यापाशीही त्यांना सोडू नका.

मी माफी मागायला गेले. शेवंताबाई भाकरी थापत होत्या. “तुमी बोलल्या ते पुऱ्या गल्लीनं आयकलं,” त्या म्हणाल्या. “माफी मात्र घरात येऊन मांगून राह्यल्या.”

दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायकांसमोर मी सांगितलं की ढेप माझी, चूक माझी, शेवंताबाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेतला आणि माझ्यापाशी थांबल्या.

“जेवून राह्यली ना ते कुत्री?”

“हो, सकाळीच अर्धी भाकरी खाल्ली,” मी म्हणाले.