कापलेली चौकट

आमच्या उल्कावहिनींना कुणीतरी चोर म्हटलं, तेही इंटरनेटवर, सगळ्या जगासमोर, आणि या बाईने काय केलं? कुकर लावला. मी त्यांची धाकटी जाऊ, लता. द्वारकेत एकाच सोसायटीत राहतो आम्ही, त्या तिसऱ्या मजल्यावर आणि मी पाचव्या. मला कुणी असं म्हटलं असतं तर अख्खं सेक्टर डोक्यावर घेतलं असतं मी. वहिनी म्हणाल्या, आज टँकर आलेला दिसत नाही, पाणी जपून वापर.

त्या अशाच आहेत. पण आधी त्यांची नोकरी काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लग्न होऊन दिल्लीला आल्यावर वर्षाच्या आत वहिनींना एका सरकारी कचेरीत ट्रेसरची जागा मिळाली. तेव्हा ही खरीखुरी पोस्ट होती, पेन्शनवाली. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने पुलाचा, इमारतीचा नकाशा काढायचा. वहिनींनी त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने जशीच्या तशी उतरवायची. मग त्या कागदावरून अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रती निघायच्या आणि साइटवर जायच्या. या कामाचे दोन नियम होते आणि वहिनींच्या ते हाडीमाशी मुरले होते. पहिला, आपलं काही घालायचं नाही. खालच्या नकाशात चूक दिसली तरी तीसुद्धा तशीच उतरवायची आणि बाजूला पेन्सिलीने हलकेच प्रश्न लिहायचा. ज्याने काढलंय तो ठरवेल. दुसरा नियम उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीचा. ड्रॉन बाय, ट्रेस्ड बाय, चेक्ड बाय. म्हणजे काढलं कुणी, उतरवलं कुणी, तपासलं कुणी. ती चौकट भरल्याशिवाय कागद टेबलावरून हलायचा नाही.

एकदा मी त्यांच्याकडून मासिकातलं स्वेटरचं डिझाइन उतरवून घेतलं होतं. कोपऱ्यात बघते तर चौकट! ड्रॉन बाय समोर मासिकाचं नाव, ट्रेस्ड बाय समोर उ. सबनीस. चेक्ड बाय रिकामं, कारण घरात तपासणार कोण? मी पोट धरून हसले होते. त्यांना काही हसू आलं नाही.

मग नव्वदनंतर सगळंच बदललं. गुडगावात काचेच्या इमारती उठल्या, माझे मिस्टर विनय मानेसरच्या कारखान्यात लागले, आम्ही दोघी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमधून द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटांत आलो. आणि वहिनींच्या कचेरीत कंप्युटर आले. ट्रेसर नावाची जमातच संपली. सरकार कुणाला काढत नाही, म्हणून त्यांना डायरी-डिस्पॅचला बसवलं. केसाइतकी बारीक रेघ न थरथरता ओढणारा हात, तो वर्षानुवर्षं लिफाफ्यांना गोंद लावत बसला. मला आजही आठवलं की राग येतो. वहिनींना राग येत नव्हता, त्या नुसत्या दमायच्या. संध्याकाळी मेट्रोतून उतरून जिना चढताना त्यांच्याकडे बघवायचं नाही.

ही गोष्ट दोन हजार सातची. त्यांची सृष्टी तेव्हा अकरावीत होती. घरात ब्रॉडबँड आलं आणि पोरगी चित्रकारांच्या एका वेबसाइटवर पडीक झाली. मोठ्या डोळ्यांच्या मुली काढायची, तिथे टाकायची. नाव झालं होतं तिचं तिथे, बिल्कुल. शाळेत एक मैत्रीण नाही, पण साइटवर ढीगभर. एका रविवारी तिने दुसऱ्या कुणाचं तरी चित्र प्रिंट करून टेबलावर टाकलं होतं. भोपाळची कुणी सलोनी म्हणून मुलगी, तिचं. पायरीवर बसून वेणी घालणारी बाई, दोन्ही हातांत बांगड्या.

वहिनी ते चित्र बराच वेळ बघत राहिल्या. मग पलंगाखालून जुना डबा काढला, नळीची पेनं सुकलेली शाई सुटावी म्हणून कोमट पाण्यात बुडवून ठेवली, काचेच्या टीपॉयखाली टेबललॅम्प लावला आणि कागद ताणून चित्र उतरवायला बसल्या. त्यांचा चेहरा असा मी किती वर्षांनी बघितला! सृष्टीही बघत राहिली. आईच्या हातात असं काही असेल हे तिला ठाऊकच नव्हतं, तिने जन्मभर आई डिस्पॅचमध्येच पाहिलेली. तिनेच ते स्कॅन केलं, आईच्या नावाने खातं उघडलं आणि टाकून दिलं.

आणि अहो, काय कौतुक! ही काय रेघ आहे, हा काय हात आहे, कुठून कुठून लोक लिहायला लागले. सृष्टी वाचून दाखवायची, वहिनी कणीक मळता मळता ऐकायच्या. मग त्यांनी आणखी उतरवली, वेगवेगळ्या लोकांची. चावडी बाजारात जाऊन नवी शाई आणली. जिना चढताना थांबेनाशा झाल्या. मला म्हणाल्या, उतरवणाऱ्याची अजून कदर आहे म्हणायची. लोक चौकट वाचतात आणि मग रेघेला दाद देतात, अशीच त्यांची समजूत होती.

मग एक दिवस तिथल्याच कुणीतरी सलोनीचं चित्र आणि वहिनींचं चित्र एकावर एक ठेवून दाखवलं. रेघेवर रेघ. सलोनीच्या बाईच्या उजव्या हातात सहा बांगड्या होत्या आणि डाव्या हातात पाच. वहिनींच्याही तशाच. चोरीबरोबर चूकही चोरली, असं लिहिलं होतं, आणि खाली लोकांची जत्रा. त्या साइटवर व्यवस्था बघणारे लोक असतात, आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखे, पगार नाही म्हणून तोरा जास्त. त्यांनी कळवलं की आठवड्यात खुलासा करा, नाहीतर तुमच्या नावावर चोरीचा शिक्का मारून खातं बंद करू.

मी तेव्हा विरजण मागायला खाली गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यादेखत झालं. सृष्टीने रडवेल्या आवाजात वाचून दाखवलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या की त्यात काय, कोपऱ्यात सलोनीचं नाव लिहिलेलं आहेच, वाचा म्हणावं. सृष्टी खुर्चीवरून उठून बाजूला झाली. तेव्हा वहिनींनी चष्मा लावला आणि स्क्रीनपाशी वाकून बघितलं. चित्र होतं. चौकट नव्हती. बांगड्यांच्या बाजूला, कागदाच्या कडेला वहिनींनी पेन्सिलीने लिहिलेला प्रश्नही नव्हता. एकेक करून सगळी चित्रं बघितली, एकाही चित्राला चौकट नव्हती.

सृष्टीने कापली होती. स्कॅन करताना कडा छाटायच्या तशा. ऑफिसच्या कागदासारखं दिसतं म्हणाली, छान चित्राखाली ते काय सरकारी. वाईट हेतू नव्हता तिचा, हे मी मान्य करते. पण मग कौतुक यायला लागलं आणि आई खूश दिसायला लागली, तेव्हा सांगायचं राहिलं ते राहिलंच.

"सलोनीचं नाव कापलंस तू?" वहिनींनी एवढंच विचारलं. आणि मग कुकर लावला.

पुढचे दिवस म्हणजे नुसता वैताग. भाऊजी, म्हणजे वहिनींचे मिस्टर, म्हणाले, एक सॉरी लिहा आणि मिटवा, तिथे कोण ओळखतंय तुम्हाला? विनय कंपनीच्या बसमधून आंबून आलेले, तेही म्हणाले, सोडा ना यार, इंटरनेट आहे ते. सृष्टीचं तर ठरलंच होतं. ती आईच्या नावाने माफी लिहून टाकणार होती. मी कापलं असं सांगितलं तर माझं तिथलं नाव संपेल, सगळ्या मैत्रिणी तिथेच आहेत, आई तर त्या साइटवर स्वतः जातही नाही. हे सगळं बोलून शेवटी म्हणते कशी, "आई, तुझं काय जातंय?"

माझा हात शिवशिवला. वहिनी पोळी लाटत होत्या, त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"माझं नाव जातंय. इतक्या वर्षांत एक कागद मी बिननावाचा सोडला नाही. जे मी केलं नाही त्याची माफी मी मागणार नाही, आणि माझ्या नावाने तूही मागायची नाहीस."

त्यानंतर मायलेकींचं बोलणं बंद. मी सृष्टीला समजावायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, काकू, मी सांगितलं तर मीच चोर. मी दोन खडे बोल सुनावले, पण जिना चढताना माझंच मन डळमळलं. पोरगी सोळा वर्षांची, जीव त्या साइटमध्ये अडकलेला, आई आहे तर आईने वाकावं की. सगळ्या आया वाकतात. वहिनी का वाकत नाहीत, असं खरंच वाटलं मला, आणि हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी वाकले तर ती जन्मभर कापत राहील." मग त्या भाजी निवडायला लागल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मेट्रोला निघण्याआधी वहिनींनी तो बांगड्यांचा कागद सृष्टीच्या कीबोर्डवर ठेवला. चौकटीत ड्रॉन बाय समोर सलोनी, भोपाळ. ट्रेस्ड बाय समोर उ. सबनीस. चेक्ड बाय रिकामं. आणि खाली शाईने नवीन चौथी ओळ आखलेली होती, कट बाय. तिच्यासमोरही रिकामं. जेवणाचा डबा घेतला आणि गेल्या.

संध्याकाळी परतल्या तेव्हा कागद जेवणाच्या टेबलावर होता. चौथ्या ओळीत सृष्टी सबनीस असं लिहिलं होतं. अख्खा कागद, कडा न छाटता, तिने स्वतःच्या खात्यावरून टाकला होता आणि खाली सगळं लिहिलं होतं. वहिनींनी त्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, शाई पसरलीय, घाई केली. शाब्बास म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, अहो म्हणा की, पोरगी दाराआड उभी आहे!

बरं, एवढं करून काय झालं? चोरीचा शिक्का टळला. पण चित्रं काढूनच टाकली. त्या साइटवाल्यांनी कळवलं की नाव लिहिलं तरी दुसऱ्याचं चित्र उतरवून टाकता येत नाही, आणि आधी विचारायला हवं होतं. मी चिडले. वहिनी म्हणाल्या, त्यांचं बरोबर आहे. ऑफिसात ड्राफ्ट्समन स्वतः कागद हातात द्यायचा. इथे मला कुणी दिला नव्हता, मीच घेतला. हे माझ्या लक्षातच आलं नाही गं.

सृष्टीच्या मैत्रिणी गळाल्या. दुसऱ्यांना शहाणपण शिकवायची आणि स्वतः नावं कापायची, असं बरंच काय काय तिला ऐकावं लागलं. ती जेवायला यायची, जेवायची आणि खोलीत जायची. आईशी एक अक्षर नाही. वहिनींनी पेनं धुतली, कोरडी केली, डब्यात घालून डबा पलंगाखाली सरकवला. परत जिन्यात थांबायला लागल्या. मी एकदा सरळ विचारलं की काय मिळालं तुम्हाला यातून? चित्रं गेली, कौतुक गेलं, पोरगी बोलत नाही. त्या म्हणाल्या, दमले गं लता, आता नको विचारूस.

असेच दिवस गेले. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे शेंगा सोलत बसले होते आणि आतल्या खोलीतून सृष्टीचा आवाज आला.

"आई, सहा."

आम्हाला काही कळेना. मग ती दारापर्यंत आली. आईकडे न बघता म्हणाली की सलोनीचा मेसेज आलाय. आधी विचारायला हवं होतं, असं लिहिलंय. आणि बाजूला पेन्सिलीने प्रश्न होता ना, डाव्या हातात बांगड्या पाच की सहा, त्याचं उत्तर दिलंय. सहाच आहेत. ती एक काढायला विसरली होती.

वहिनींनी गॅस बंद केला. हात पुसले. पलंगाखालून डबा काढला, कागद टीपॉयवर पसरला, आणि डाव्या हातात सहावी बांगडी घातली. शाई सुकेपर्यंत थांबल्या, मग पेन्सिलीचा प्रश्न खोडरबराने पुसून टाकला. ते चित्र आता कुठे लागणार नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. मला तर त्यांची कमालच वाटली.

"सृष्टी," त्या म्हणाल्या, "चेक्ड बाय रिकामं आहे. ये, नीट बघ आणि सही कर."

पोरगी आली. कागद ट्यूबलाइटखाली धरला, बोट ठेवून आधी उजव्या हातातल्या बांगड्या मोजल्या, मग डाव्या हातातल्या, आणि परत एकदा डाव्या हातातल्या. मग सही केली. या वेळी शाई पसरली नाही.