खुर्चीवालं विमान

दुबईत, रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये मी सोफ्यांना कापड चढवायचो, तेव्हा आम्ही एक विमान बांधलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विमान उडायचं नव्हतं, प्रदर्शनात उभं राहायचं होतं. इंग्रजांच्या जुन्या, एका इंजिनाच्या प्रवासी विमानाची ती लाकूड-कापडाची नक्कल. एकावर एक असे दोन पंख, पुढे बंद केबिनमध्ये चार प्रवासी, आणि बिचारा पायलट मागे उघड्यावर वारा खात बसलेला. असली उलटी तऱ्हा इंग्रजांनाच सुचावी.

मॅनेजरनं त्याच विमानाच्या तीन प्रकारांचे नकाशे आणले होते. एक पाण्यावर उतरणारं, एक खुर्च्यांचं आणि एक आजारी माणसाला आडवं नेणारं. गिऱ्हाइकानं खुर्च्यांचं निवडलं. ऐकून आमचे मुख्य मिस्त्री खूश झाले. ते मालवणकडचे, गावी होड्या बांधायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

"बरा झाला," आडव्याचा नकाशा बाजूला सारत ते म्हणाले. "माका पण बसानच जावचा हा. आडवो होवन नाय."

काकांच्या पोटात बरेच महिने दुखत होतं. जेवण टिकत नव्हतं. घरी जाऊन नीट तपासून घ्या, असं क्लिनिकच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यांनी ते बायकोला कळवलं नाही. आपल्या पायांनी दारात जायचं, मग बोलायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. पण आमचे सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजरनं आपल्या कपाटात कुलपात ठेवलेले. मॅनेजर म्हणाला, "पहले प्लेन बाहर जाएगा, फिर छुट्टी. इन्शाल्ला." त्याचं इन्शाल्ला ऐकलं की माझं टाळकं सटकायचं.

म्हणून काका जीव तोडून कामाला लागले. सांगाडा सुरेख झाला. मी कापड चढवलं, फासळीफासळीला टाके घातले. आता वर लॅकर मारायचं, की सुकून कापड ताठ होणार. पण सकाळी बघतो तर फासळ्यांवर पिवळे डाग, आणि हात लावला की लॅकरचे पापुद्रे निघत होते. वर्कशॉपभर माशाचा वास.

काका खाली मान घालून उभे होते. कापड चढायच्या आधी त्यांनी अख्ख्या सांगाड्याला मोरीचं, म्हणजे मुशी माशाचं, तेल पाजलं होतं. गावी प्रत्येक नव्या होडीला पाजतात तसं.

"लाकडाक तेल नाय पाजला तर ता फुटता रे झिला," ते म्हणाले.

मॅनेजरनं तोंड सोडलं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सगळं कापड उतरवलं. तेल लाकडात खोल मुरलेलं, कितीही घासलं तरी वर येतच राहिलं. शेवटी पंखांच्या फासळ्या नव्यानं कराव्या लागल्या. काका स्टुलावर बसून रंधा मारायचे, मग स्टुलावरही बसवेना, तेव्हा जमिनीवर बसून. "तुम्ही झोपा, आम्ही करतो," म्हटलं की चिडायचे. माझ्या चुकीची भरपाई दुसऱ्यानं का करायची, म्हणायचे. त्यांचे गाल बसत गेले आणि विमान भरत गेलं.

विमान ट्रेलरवर चढलं त्या दिवशी काका हॉस्पिटलात होते. आता पासपोर्ट लगेच मिळाला. त्यांना उठून बसता येत नव्हतं. एअरलाइननं मागच्या काही खुर्च्या पाडून वर स्ट्रेचर बांधलं आणि भोवती पडदा लावला. सोबत कुणीतरी लागतं, म्हणून मी गेलो. बायकोला फक्त येतोय एवढंच कळवायला काकांनी सांगितलं होतं.

पट्टे आवळताना काकांनी डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आपल्या वाट्याक आडवोच इलो," ते म्हणाले.

मुंबईत विमान टेकल्यावर त्यांनी माझी बाही धरली. "माका बसय. ती भायर उभी आसतली."

मी आणि एका अटेंडंटनं त्यांना पाठीखाली हात घालून उचललं. त्यांचं अंग उशीहूनही हलकं लागलं. मान सरळ राहीना, तरी परत आडवं करू नका म्हणाले. तसेच धरून बसवून आम्ही त्यांना व्हीलचेअरवर ठेवलं. मी मागून त्यांचे दोन्ही खांदे घट्ट पकडले, शर्टाची कॉलर नीट केली, आणि बाहेरच्या काचेपलीकडे त्यांची बायको दिसली तरी हात काढले नाहीत.

तिनं त्यांना बसलेलं पाहिलं. हसली, आणि मग तिला माझे हात दिसले.